लहानपणीचा तो सामुराईंचा तलवारीवाला गेम कुठला? आणि भाच्याकडून हरायचं कसं थांबवू

तिस्कवाला

मंडळी, दोन प्रश्न आहेत, एक जुना आणि एक ताजा.

जुना असा. साधारण ९४-९५ ची गोष्ट, मे महिन्यात मी म्हापशाला मामाकडे असायचो. बाजाराच्या मागल्या गल्लीत एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं, दाराला मळकट पडदा, आत चार मशिनी, एक पंखा आणि तो पण मालकाकडे तोंड करून. तिथं एक तलवारींचा गेम होता. नाव इंग्रजीत होतं आणि तेव्हा आमचं इंग्रजी म्हणजे आनंदच. आठवतंय ते एवढंच की दोघं लांब गेले की सगळं चित्र बारीक व्हायचं आणि जवळ आले की एकदम मोठं. मागे एक काळ्या कपड्यातला माणूस तोंड झाकून झेंडे दाखवायचा. एक मुलगी होती तिच्याकडे ससाणा. एक जण सारखा खोकायचा. आणि मॅच सुरू होताना एक माणूस ओरडायचा ते आम्हाला "कोण मेली, शोभा!" असं ऐकू यायचं. आमच्या वाड्यावर खरंच एक शोभा होती, तिच्या भावाने एकदा मला याच्यावरून धरून हाणलाय.

माझा थोरला भाऊ म्हणतो स्ट्रीट फायटर असेल. नाही रे बाबा, स्ट्रीट फायटरात तलवारी कुठे.

अजून एक. कुवेतहून काकांनी सेगा आणला होता त्यावर हाच गेम आला पण त्यात तो जाडा माणूस नव्हताच, अर्धा स्क्रीन भरणारा. आम्ही समजलो कॅसेट डुप्लिकेट आणि बिचाऱ्या काकांना वर्षभर टोमणे मारले.

आता ताजा प्रश्न. यंदा चतुर्थीला बहीण मुलाला घेऊन आली, त्याने कन्सोल आणलेला, त्यावर जुन्या गेमांचं एक कलेक्शन, आणि उघडल्याबरोबर तेच, काळा माणूस, झेंडे, शोभा, सगळं! मी म्हटलं बस, तुला दाखवतो मामा काय चीज आहे. अकरा वर्षांचं पोर आहे. चौदा मॅच सलग हरलो. आरतीला बोलावलं तेव्हा सुटलो. मी बटणं जोरात मारत होतो, सगळी, मुस्तफात, म्हणजे त्या दुकानातल्या दुसऱ्या मारामारीच्या गेमात, मारायचो तशीच, तरी दोन फटक्यांत आडवा. हे काय गणित आहे? आता परत दिवाळीला येणार आहे तो.

---

उंडो_ऑमलेट

सामुराई शोडाऊन. झालं. पुढचा प्रश्न 😄

---

शेवटचं_टोकन

उंडोबाब, उत्तर बरोबर पण त्याचे भाग किती आहेत ते तरी सांगायचं. मी ९० च्या दशकात म्हापसा, डिचोली, फोंडा या पट्ट्यात असल्या मशिनी दुरुस्त करत फिरायचो, स्कूटरच्या डिकीत सोल्डरिंग गन आणि कॅसेटी. तेव्हा थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

कंपनी एसएनके, ओसाकाची. पहिला भाग १९९३, जपानमध्ये नाव सामुराई स्पिरिट्स, बाहेर सामुराई शोडाऊन, आणि त्या शोडाऊनच्या स्पेलिंगात एक डब्ल्यू खाल्लेला आहे, तो मुद्दाम की चुकून यावर आमच्या दुकानात तेव्हापासून वाद. दुसरा ९४, तिसरा ९५, चौथा ९६. मग कंपनीच बुडाली २००१ ला, पाचवा आला तो २००३ मध्ये. तेव्हा तू खेळलास तो पहिला किंवा दुसरा, फार तर तिसरा. ओळखायची खूण सांगतो. जोराचा वार करायला तू दोन बटणं एकत्र दाबायचास का? पहिल्या दोन भागांत ए म्हणजे हलका वार, बी म्हणजे मधला, आणि ए-बी एकत्र म्हणजे तो मोठा वार ज्याने समोरच्याची लाईफ भसकन खाली येते. सी-डी या लाथा, त्यांचंही तसंच. तिसऱ्यापासून वाराला तीन बटणं वेगळी झाली आणि लाथेला एकच उरलं.

आणि शेवटचा राक्षस कसा होता? हवेत तरंगणारा, हातात चमकता गोळा, तर पहिला. बाई असेल आणि बरोबर कुत्र्यासारखं जनावर, तर दुसरा. मधेच गवताचे बाहुले जमिनीतून वर यायचे आणि ते कापायचा बोनस होता का, तोही पहिल्याचाच.

ते चित्र लहानमोठं व्हायचं त्याची गंमत ऐक. लोकांना वाटतं मशीन चित्र मोठं करायची. उलटं आहे. निओ जिओ, म्हणजे एसएनकेची ती मशीन, तिचं हार्डवेअर चित्र फक्त बारीक करू शकायचं, मोठं नाही. म्हणून माणसं मुळातच मोठी काढलेली, जवळ असली की खरं माप, लांब गेली की मशीन आकसवणार. म्हणूनच जवळून ती एवढी सुबक दिसायची, फाटायची नाहीत. कॅसेटवर ११८ मेगा असं मिरवायचे, ते मेगाबिट, म्हणजे आपल्या हिशोबात पंधरा एमबीच्या आत. आज मोबाईलवर काढलेले तीनचार फोटो तेवढे होतात! त्यात बारा माणसं, त्यांचे आवाज, समुद्र, पाऊस सगळं बसवलेलं.

काकांना फोन करून माफी माग. सेगावरच्या आवृत्तीत तो जाडा, अर्थक्वेक त्याचं नाव, काढूनच टाकलेला होता. कॅसेट ओरिजिनल होती.

---

तिस्कवाला

दोन बटणं एकत्र! हो हो! अंगठा आणि बोट असं चिमटीत धरून मारायचो, अगदी हाताला आठवतंय. आणि राक्षस तरंगणाराच. गवताचे बाहुले पण. म्हणजे पहिला. टोकनबाब देव बरें करूं.

काकांना फोन केला. ते म्हणाले कसली कॅसेट.

पण ती शोभा?

---

शेवटचं_टोकन

"इप्पोन-मे, शोबू!" इप्पोन-मे म्हणजे पहिला डाव, शोबू म्हणजे सामना, होऊन जाऊ दे असं. दुसऱ्या डावाला निहोन-मे म्हणतो. तुझ्या दुकानात स्पीकर फाटका असणार, बहुतेकांचे असायचे.

---

गरी_आणि_दोर

ताज्या प्रश्नाचं उत्तर मी देतो कारण मी पण असाच मार खाऊन शहाणा झालोय.

तिस्कवाल्या, तू मुस्तफासारखी बटणं मारतोस म्हणूनच मरतोस. मुस्तफात किंवा किंग ऑफ फायटर्स ९७ मध्ये बटणं बडवली की काही ना काही लागतं, दहा फटक्यांतले चार तरी. इथं तलवार आहे. मोठा वार मारलास आणि तो हवेत गेला की तुझा माणूस तलवार परत सावरेपर्यंत उघडा पडतो, आणि समोरच्याने नुसता अडवला तरी तुझी तलवार उसळून मागे येते आणि तू परत उघडाच. भाचा काय करत असेल सांगू? काही नाही. तो उभा राहतो. तू चुकतोस, तो एकदा मारतो. तू परत चुकतोस, तो परत एकदा मारतो. संपला डाव. चौदा मॅचमध्ये त्याने बटणं तुझ्या निम्मी पण दाबली नसतील.

तू कधी गरवायला बसलायस का? पुलाखाली, संध्याकाळी, पाणी भरतीला लागलं की. ज्याला बसवत नाही तो दर दोन मिनिटांनी दोर ओढून बघतो आणि रिकामा घरी जातो. इथं तसंच आहे, पहिली दहा सेकंद दोघं नुसते पुढे-मागे सरकतात, बघणाऱ्याला वाटतं काही चाललंच नाहीये, पण खरा खेळ तोच असतो. तुझ्या तलवारीचं टोक कुठपर्यंत पोचतं आणि त्याचं कुठपर्यंत, एवढंच आधी डोळ्यात बसव. समोरचा त्या रेषेच्या आत पाऊल टाकून परत बाहेर जातो ना, तो तुला चिडवत असतो, मार म्हणत असतो. मारायचं नाही.

आता कामाचं. तू हाओमारू घे, तो केस पिंजारलेला, सगळ्यात सरळ माणूस आहे. भाचा कोण घेतो? अकरा वर्षांचा आहे म्हणजे ससाणावाली नाकोरुरू नाहीतर कुत्रावाला गॅलफोर्ड, आणि सारखा उड्या मारत असणार. बरोबर? मग उडी मारू दे. हाओमारूचा कोगेत्सुझान शिक, पुढे, खाली, मग खाली-पुढचा कोपरा आणि वाराचं बटण, खालून वर चंद्रकोरीसारखी तलवार फिरते. वरून येणारा बरोबर त्यावर पडतो. तीनदा पडला की पोरगं उड्या बंद करेल, आणि उड्या बंद झाल्या की त्याला दुसरं काही येत नाही हे तुझ्या लक्षात येईल. वावटळ फेकायची सेनपू पण आहे, खाली, कोपरा, पुढे आणि वार, पण ती जपून, जवळून फेकलीस तर तोच तुला कापेल.

मार खाल्ला की खाली रागाची पट्टी भरत जाते ती बघ. पूर्ण भरली की तुझा माणूस लाल होतो आणि थोडा वेळ त्याचा प्रत्येक वार जास्त लागतो. म्हणजे हरत असलेल्याच्याच हातात एकदम मोठा दगड येतो. त्या वेळेला लोक घाईत धावतात आणि वाया घालवतात. तू लाल झालास की भाचा घाबरून मागे सरकेल, तू सावकाश पुढे जा, त्याला भिंतीला लाव.

तलवारी एकमेकांत अडकल्या तर मात्र बडव! तिथं जो जास्त बटणं मारेल त्याची तलवार हातात राहते, दुसऱ्याची उडून लांब पडते. तुझं मुस्तफाचं शिक्षण तिथं कामाला येईल 😂 आणि तुझी गेली तर नुसत्या हातांनी अडवत बसू नकोस, अडवलं तरी लाईफ जाते, आधी पळ आणि तलवार उचल.

---

काजूबी

गरीबाब काय लिहिलंय! मी गेली दोन वर्षं हेच माझ्या नवऱ्याला सांगतेय, थांब थांब, पण पुरुषांना दोन बटणं दिसली की दोन्ही दाबायची असतात.

एक सांगू का पण, त्याला पहिला भाग सोडून दुसरा खेळायला सांगा. पहिला आठवणींसाठी ठीक, खेळायला दुसराच. त्यात माणसं पंधरा, गेन्जुरो आला, लोखंडी पंजावाला जर्मन झीगर आला, मांजरीसारखी चामचाम आली (मुखवटेवाला तामताम गेला त्याच्या बदल्यात, मला वाईट वाटलं), आणि राग पूर्ण भरला की एक असा वार करता येतो की समोरच्याची तलवार तुटूनच जाते. चाल पण जास्त गोळीबंद आहे.

मी खोकणारा उक्यो खेळते. क्षयरोगी आहे बिचारा, म्यानातून तलवार काढली कधी आणि ठेवली कधी कळत नाही. माझ्या सासूबाई एकदा मागे बसून बघत होत्या, म्हणाल्या अगो त्याला आधी काढा दे कोणीतरी.

---

मोरजीचा

दुसरा भाग सगळ्यात चांगला हे सगळेच म्हणतात, मी पण म्हणतो, पण मग २०१९ चा नवा का नाही घेत लोक? मी तो निन्टेन्डो स्विचवर घेतला, बाकी कन्सोलवर आधी आला, स्विचवर २०२० मध्ये. चित्रं त्रिमितीय आहेत पण जीव जुनाच आहे, लांबलचक कॉम्बो (सलग वारांच्या माळा) नाहीत, एक मोठा वार आणि निम्मा खेळ तिथंच. रागाची पट्टी फोडून टाकता येते, मॅचमध्ये एकदाच, आणि फोडली की त्या मॅचपुरती ती परत मिळत नाही, तेव्हा कधी फोडायची यातच सगळी रात्र जाते. दोन तळव्यांत समोरच्याचं पातं धरायचं ते पण आहे. मला आजवर दोनदा जमलंय, दोन्ही वेळा बघायला घरात कोणी नव्हतं.

त्याची गोष्ट १७८७ ची धरलीय, पहिल्या भागाच्या एक वर्ष आधीची. म्हणजे पहिला १७८८. आणि १७८८ म्हटलं की आम्हा पेडणेवाल्यांना दुसरंच आठवतं, त्याच वर्षी सावंतांकडून पेडणे पोर्तुगिजांकडे गेलं. तिकडे हाओमारू राक्षस मारत फिरतोय आणि इकडे आमचे पूर्वज नवीन सारा कोणाला द्यायचा म्हणून डोकं धरून बसलेले.

---

दिवाडी_फेरी

मोरजीकरांनी विषय काढलाच आहे तर मी पण बोलून घेतो, बरेच दिवस सांगायचं होतं आणि घरात कोणी ऐकत नाही.

तिस्कवाल्या, तुझा तो तरंगणारा राक्षस, अमाकुसा शिरो तोकिसादा, तो खरा माणूस होता आणि त्याची वाट गोव्यातून जाते.

खऱ्या अमाकुसाला आपण राक्षस म्हणणार नाही. सोळा-सतरा वर्षांचा ख्रिश्चन पोरगा. १६३७ मध्ये दक्षिण जपानमध्ये शिमाबारा भागात शेतकऱ्यांनी उठाव केला, करांनी पिचलेले होते आणि वरून धर्मासाठी छळ. या पोराला त्यांनी पुढारी केलं. हारा नावाच्या जुन्या किल्ल्यात हजारो माणसं बायकापोरांसकट जाऊन बसली, शोगुनने, म्हणजे तिथल्या सत्ताधीशाने, मोठी फौज पाठवली, डच जहाजाने समुद्रातून तोफा पण डागल्या, आणि १६३८ च्या वसंतात किल्ला पडला तेव्हा कत्तल झाली. पोराचं डोकं कापून लटकवलं. पुढल्याच वर्षी पोर्तुगिजांना जपानमधून हाकललं आणि देशाची दारं लावून घेतली. गेममध्ये हाच पोरगा दीडशे वर्षांनी सूड घ्यायला परत आलाय असं दाखवलंय.

आता तो धर्म तिकडे पोचला कसा? जुन्या गोव्याला सेंट पॉल कॉलेजची एक कमान अजून उभी आहे बघा, बाकी सगळं गेलं. त्या कॉलेजात १५४८ मध्ये एक जपानी माणूस शिकत होता, अंजिरो नावाचा, मायदेशातून खून करून पळालेला. गोव्यातच त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याला बरोबर घेऊन फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहून निघाला आणि ऑगस्टमध्ये कागोशिमाला उतरला. जपानमधल्या ख्रिस्ती धर्माची सुरुवात ती. म्हणजे ज्या सायबाच्या (याच झेवियरच्या) फेस्ताला आपण चणे आणि खाजें घेऊन येतो त्याच्यापासून निघालेला धागा म्हापशाच्या त्या पडद्यामागच्या मशिनीत तरंगत होता आणि आपण त्याला टोकन टाकून मारत होतो.

शिवाय १५९७ मध्ये नागासाकीला ज्या सव्वीस जणांना क्रुसावर मारलं त्यात एक आपल्या वसईचा होता, गोन्सालो गार्सिया.

माझा एक कॅथलिक मित्र हे ऐकून म्हणाला, मग मी आता अमाकुसाच घेऊन खेळणार. दुकानात पहिल्या भागात तो साधा निवडता येत नाही हे त्याला सांगितल्यावर फार हिरमुसला.

---

उंडो_ऑमलेट

माणसाने भाच्याला हरवायचं विचारलं होतं हो, पीएचडी नाही.

---

दिवाडी_फेरी

तू ऑमलेट खा.

---

काजूबी

नाही नाही, लिहा, मला आवडलं. मग गेममधले ते जुबेई आणि हानझो पण खरे का?

---

दिवाडी_फेरी

दोघेही खरे, पण गेमच्या काळात कधीच मेलेले. याग्यू जुबेई १६५० मध्ये वारला. एका डोळ्यावर पट्टी ही लोककथा. हात्तोरी हानझो तर सोळाव्या शतकातला. गेमवाल्यांनी इतिहासातली आवडती माणसं उचलून एका पंगतीला बसवलीत, आपल्या उत्सवी नाटकात नारद कधीही येतो ना तसं. हाओमारू म्हणजे मियामोतो मुसाशी या प्रसिद्ध जपानी तलवारबाजाचा साचा. त्याच्या तलवारीचं नाव फुगुदोकु, म्हणजे केंड माशाचं विष! आपल्याकडे केंड जाळ्यात आला की रापणकार शिव्या घालतात, तिकडे त्याचं नाव तलवारीला देतात.

तो झेंडेवाला काळा माणूस पण नाटकातलाच. काबुकी या जपानी नाट्यप्रकारात स्टेजवर सामान हलवणारे काळे कपडे घालून तोंड झाकून येतात, प्रेक्षकांनी त्यांना बघायचं नाही असा संकेत. कुरोको म्हणतात. आपल्याकडे देवळातल्या नाटकात राजा बोलत असताना मधेच एकजण खुर्ची उचलून नेतो, तो सगळ्यांना दिसतो आणि कोणीच बघत नाही, तोच हा. फक्त गेमवाल्यांनी त्याला पंच केला.

---

मोरजीचा

आणि दुसऱ्या भागात तो छुपा शत्रू म्हणून स्वतःच लढायला उतरतो. खुर्ची उचलणाऱ्याने राजालाच हाणल्यासारखं.

मला वाटतं या गेममध्ये आपला एक दांडपट्टावाला पाहिजे होता. पट्ट्याचं पातं हाताच्या पुढे तीनचार फूट, गरीबाब म्हणतात ती रेषाच सगळ्यात लांब. जवळ कोणी येणार नाही.

---

गरी_आणि_दोर

येईल. पट्ट्यात मनगट चालत नाही, मूठ कोपरापर्यंत बंद असते, सगळा वार खांद्यातून. चुकला की सावरायला वेळ. मी थांबेन आणि मारीन 😌

---

तिस्कवाला

थांबा थांबा, मला एक सांगा, ती जुनी मशीनच कुठे मिळेल का? भाच्याला खऱ्या दांड्यावर खेळवायचं मनात आलंय. नाहीतर मोबाईलवर फुकट चालतं म्हणतात ते चांगलं का?

---

शेवटचं_टोकन

फुकटवालं मी सांगणार नाही, आणि त्यात टचस्क्रीनवर कोगेत्सुझान निघत पण नाही, अंगठा घसरतो. भाच्याकडे आहे ते कलेक्शन २०२० चं, त्यात पहिल्या चार भागांपासून पाचव्याच्या दोन-तीन अवतारांपर्यंत सगळं आहे, सुटे पण विकत मिळतात. तुला हवा असेल तर एक दांड्याचा कंट्रोलर घे, बस.

जुनी मशीन नको. मनापासून सांगतो. त्या बोर्डावर एक बॅटरी असते, सेटिंग लक्षात ठेवायला, ती जुनी झाली की गळते आणि तिचं पाणी तांब्याच्या रेषा खात जातं. त्यात आपला पाऊस. माझ्याकडे चार खाचांचा एक बोर्ड होता, चार कॅसेटी एकदम बसायच्या, बटणाने गेम बदलायचा, आमच्या काळी त्याला फार मान. गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवला, बॅटरी काढायची राहिली. सहा वर्षांनी उघडला तर निळाहिरवा बुरा, रेषा नाहीतच. मीच दुरुस्त करणारा आणि माझ्याच घरात हे. एक कॅसेट वाचली, व्हीएचएसएवढी मोठी असते, बायको तिचा दाराला अटकाव म्हणून वापरते आणि मला बोलायला तोंड नाही.

कोणाच्या घरी असेल तर आजच बॅटरी कापून काढा. उद्या नको.

आणि हो, कोणी विचारलं नाही तरी, रक्त लाल की पांढरं यावरून आमच्याकडे भांडणं व्हायची. जपानबाहेरच्या घरगुती मशिनींवर ते पांढरं केलेलं होतं. एक दुकानदार मला पैसे द्यायला तयार होता, पांढऱ्याचं लाल करून दे म्हणून. पोरं म्हणतात घाम दिसतो.

---

तिस्कवाला

मंडळी, अपडेट.

दांड्याचा कंट्रोलर घेतला. दीड महिना रोज रात्री जेवल्यावर अर्धा तास. पहिले आठ दिवस नुसता मागे-पुढे सरकायची प्रॅक्टिस, बायको म्हणाली हे काय, गेम बिघडलाय का. कोगेत्सुझान दहातून सहा वेळा निघतो. सेनपू सगळीच निघते पण गरीबाब म्हणाले तसं जवळून फेकायचा मोह आवरत नाही.

परवा दिवाळीला आला. फोव खाऊन बसलो. पहिल्या मॅचला मी दहा सेकंद हललोच नाही. तो म्हणाला मामा कंट्रोलर चालू आहे ना? मी काही बोललो नाही. त्याने उडी मारली आणि खालून वर गेली आपली तलवार. मग परत उडी, परत तेच. तिसऱ्या वेळी त्याने माझ्याकडे बघितलं, स्क्रीनकडे नाही, माझ्याकडे.

सहा मॅच जिंकलो, पाच हरलो. हरलेल्या पाचातल्या चार शेवटच्या आहेत, कारण तोपर्यंत तो पण उभा राहायला शिकला. आता आमच्या मॅचला वेळ संपायची घंटा होते, दोघं नुसते एकमेकांकडे बघत असतो, आणि बहीण आतून विचारते झोपलात का रे दोघं.

गरीबाब, आता उभा राहणाऱ्याला कसं मारायचं ते सांगा. नाताळला परत येतोय.